माठावर पालथा हासोमल

थंडीत रविवारी सकाळी, बदलापूरच्या नदीवर, एक जाडजूड शेठ मोठ्या माठावर पालथा पडून तरंगताना दिसला तर तुम्ही काय समजाल? मी समजलो, मेला. काठावरून आरडाओरडा केला. तेवढ्यात मेलेल्याने मान वर केली आणि वैतागून म्हणाला, "साईं, शोर मत करो. मछली भागती है."

हासोमलची नि माझी ही पहिली भेट.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण कधी आला, कधी गेला, याची चोख नोंद ठेवायची हे माझं काम. पण या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात करावी, हे मला कधी कळलं नाही. धंद्याने तो कापडवाला. फाळणीनंतर म्हाताऱ्या आईला घेऊन सिंधमधल्या सक्करहून आला आणि कल्याण कँपातल्या एका बराकीत राहिला. पुढे कँपाला सगळे उल्हासनगर म्हणू लागले, पण हासोमल शेवटपर्यंत 'कँप'च म्हणायचा. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडणारा हा गृहस्थ दिवाळी सरली की दर रविवारी बदलापूर गाठायचा आणि माठ घेऊन नदीत शिरायचा.

माठाचं तोंड पोटाखाली, पाय मागे, हातात लांब काठीला बांधलेलं जाळं. मासा सापडला की पोट जरासं उचलायचं, मासा माठात सोडायचा आणि पुन्हा पोटाचं झाकण लावायचं. सिंधू नदीवरचे कोळी म्हणे असेच मासे धरतात.

"तुम्ही तिथे हे करत होता?" मी विचारलं.

"मैं? मैं तो दुकान पे बैठता था. ऊपर खिड़की से देखता था."

"पोहता येतं?"

"मटके को आता है, साईं."

मी कपाळाला हात लावला. पोट किंचित डावीकडे सरकलं की माठ उजवीकडे सटकायचा आणि हासोमल बुडायला लागायचा. मग गोमा धावायचा. गोमा म्हणजे पाग टाकून मासे धरणारा नदीकाठचा आगरी. त्याचा अर्धा रविवार शेठला बखोटीला धरून बाहेर काढण्यात जायचा. "भाऊ, यो शेट एक दिस मरल, नि नाव माजं येल," असं तो मला दर खेपेला ऐकवायचा, जणू शेठला मीच आणलं होतं.

तसं बघितलं तर अर्धा दोष माझ्याकडे येतच होता, कारण माठ आठवडाभर माझ्या पडवीत असायचा. माझं घर बदलापुरातच, नदीच्या वाटेवर. "साईं, इतना बड़ा मटका रोज़ कौन उठाएगा?" म्हणून त्याने तो एकदा ठेवला तो ठेवलाच. आमचं घर शाकाहारी. बायको रोज त्या माठाकडे नाक मुरडून बघायची आणि मग माझ्याकडे. माठ फुटला की मी मनात सुटकेचा निःश्वास टाकायचो, आणि पुढच्या रविवारी हासोमल टांग्यातून नवा घेऊन यायचा.

यापेक्षा मोठा घोळ माशांचा होता. इतका जिवावरचा खेळ करून, चांगला हातभर मासा मिळाला तरी हा तो उन्हात धरून उलटासुलटा करायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "ये वो नहीं." आणि मासा माझ्या हातात. मी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून, गोमाला नेऊन द्यायचो.

ये वो नहीं, तर मग 'वो' कोण? मी पुष्कळ डोकं चालवलं. याची अंगठी माशाने गिळली असावी. नाहीतर नवस असावा. नाहीतर डोकं फिरलं असावं. गोमाचं मत या तिसऱ्याच्या बाजूने होतं.

शेवटी कोटाचं कापड घ्यायला कँपात गेलो, तेव्हा हासोमलने मला बराकीत नेलं. आई खाटेवर बसली होती. इतकीशी म्हातारी, पण नजर अशी की मलाच हजेरीला उभं राहिल्यासारखं वाटलं. तिथे उलगडा झाला. सक्करला ही बाई दर महिन्याला नवी चंद्रकोर दिसली की नदीवर जाऊन पाण्यात तांदूळ आणि साखर सोडायची. त्याला ते अखो म्हणतात. इथे आल्यापासून तिने ते बंद केलं होतं. मुलगा विनवायचा, अम्मा, नदी इथेही आहे. तिचं उत्तर ठरलेलं: "जिस दरिया में पल्लो नहीं, वो अपना दरिया नहीं."

दरिया म्हणजे त्यांची नदी, आणि पल्लो म्हणजे त्या नदीचा मासा. चांदीसारखा आणि काट्यांनी भरलेला.

"अखो बंद हुआ, तब से अम्मा हँसती नहीं," हासोमल मला बाहेर आल्यावर म्हणाला. "एक पल्लो मिल जाए, बस."

आता हा मासा उल्हास नदीत बदलापूरला कसा येणार, हे त्याला मी कुठल्या तोंडाने विचारणार? मला कापडातलं कळत नाही, माशांतलं तर त्याहून नाही.

त्या पौषात तो खरोखरच मरता मरता वाचला. माठ मधोमध फुटला आणि शेठ डोहात दिसेनासा झाला. गोमाने बुडी मारून त्याला वर आणलं. ओठ निळे, दातावर दात, पण मुठीत जाळं गच्च, आणि जाळ्यात एक चंदेरी मासा. गोमाने बघून तोंड वाकडं केलं. "काट्यांचा हाय. आमी याला हात पन लावत नाय."

"काँटे हैं?" हासोमल उठूनच बसला. "बहुत काँटे?"

पुढच्या रविवारी तो आला तो टांग्यातून, आईला घेऊन. तापाने चेहरा उतरला होता, पण हसू मावत नव्हतं. "साईं, अम्मा ने खाया. बोली, यही है!"

मी चाटच पडलो. पल्लो? बदलापुरात? गोमाकडे बघितलं, तर तोही माझ्याकडेच बघत होता.

हासोमल टांगेवाल्याशी बोलायला मागे राहिला. म्हातारी माझा हात धरून पाण्यापाशी उतरली. वाकून तिने पाण्यात बोटं बुडवली.

"गरम है," ती म्हणाली. पौषातलं ते पाणी, ज्यात मी घोट्यापर्यंतही उतरलो नसतो! "हमारा तो बर्फ का पानी था." मग मागे वळून मुलाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "पल्लो सर्दी में आता ही नहीं. चैत के बाद आता है. इसको क्या मालूम, कपड़ेवाला है."

"मग तुम्ही 'यही है' का म्हणालात?" गोंधळून मी मराठीतच विचारलं.

तिला ते कळलं. "बुखार में काँप रहा था और पूछ रहा था, अम्मा, यही है ना? ना बोलती तो फिर पानी में जाता."

तिने पदराची गाठ सोडली. तांदूळ आणि साखर ओंजळीत घेतली.

"दरिया पराया है, बेटा. पर मेरा लड़का कितनी बार इसमें गिरा. हर बार इसने वापस दिया."

तिने ओंजळ पाण्यात सोडली आणि हात जोडले. मागे उभ्या गोमाने, काही न कळता, डोक्यावरचं फडकं काढलं.

हासोमल धापा टाकत खाली आला. "अम्मा क्या बोली?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं.

"म्हणाल्या, नदी चांगली आहे," मी सांगितलं.

"मैं कब से बोल रहा था!" हासोमल म्हणाला, आणि आईची चप्पल ओली होऊ नये म्हणून हातात घेऊन तिच्यामागे चढण चढू लागला.