सर्वकामी पिठाची मोहीम

सुज्ञ मंडळींस विदित व्हावे जे, पाथरी कसब्यात मैदा व पिठीसाखर यांचे अमेरिकी नामांतरामुळे जो दंगा उसळला आणि भक्तीबाईसाहेबांनी जो मोडून काढिला, त्याची हकिगत ऐकिली तैसी लिहिली असे.

भक्तीबाईंच्या नणंद मनिषाताईसाहेब लेकीच्या वाढदिवसास अमेरिकेहून माहेरी येणार ऐसी खबर आली आणि मागोमाग फर्मान आले की, केक आम्ही धाडिलेल्या कृतीचाच पाहिजे, परंतु तिकडील जिन्नस तुम्हांकडे मिळणे नाही, ते आम्हीच आणू, सबब नसते धाडस न करणे. भक्तीबाई मनी फार खवळल्या. एवढ्या खटल्याच्या भाकरी थापणारीस केकाची काय मातब्बरी, ऐसे म्हणोन आदिनाथ वाण्याचे दुकानावर चाल केली आणि फोनात पाहून 'ऑल पर्पज' पीठ आणि 'कॉर्न स्टार्च' मागितले.

आदिनाथ म्हणाले, "वैनी, सगळ्या कामाला चालंल असं पीठ अजून निघालं न्हाई, कणीक न्या. स्टार्च मात्र हाय, लय कडक!" आणि धोतरास घालावयाची खळ बांधून दिली. मग कणकेत खळ मिळाली आणि कुकर तापला आणि जे निपजले ते सुरीस दाद देईना. शेळीनेही हुंगून तोंड फिरविले. भक्तीबाई ओट्यापाशीच बसून रडल्या. नणंदेचा शब्द खरा होणार, हे शल्य केकाहून जड.

दुसरे दिवशी मनिषाताई जीपेतून उतरल्या आणि बॅगेतील पुडकी ओट्यावर तोफांसारखी मांडिली आणि उपकार जाहीर करून अंघोळीस गेल्या. मग भक्तीबाईंनी एकेक पुडके सोडून चिमूट चाखिली. सर्वकामी पीठ तो निखळ मैदा. 'कन्फेक्शनर्स शुगर', म्हणजे हलवायाची साखर, म्हणोन मिरवीत होती ती पिठीसाखर. आणि ज्या स्टार्चापायी अब्रू गेली तो कॉर्नफ्लोअर, मंचुरियनात घालतात तोच!

सासूबाई धुरपताबाईंनीही जीभ लाविली आणि म्हणाल्या, "मैद्याला इमानाचं तिकीट काढलं व्हय गं हिनं?"

भक्तीबाईंस हसू आले आणि संतापही आला. आपल्याच पिठास परमुलखी दुसरे नाव ठेवावे आणि ते ठाऊक नाही म्हणोन माणसास अडाणी ठरवावे, ही कोणती रीत? मग पुडकी फळीवर चढविली आणि आदिनाथाची अक्कल न घेता नुसते बोट दाखवून तेच जिन्नस आणिले आणि केक ऐसा फुगला की झाकणास भिडला.

संध्याकाळी मनिषाताईंनी तिसरा तुकडा उचलून फर्माविले, "बघ भक्ती, आमच्याकडच्या पिठाचा गुणच वेगळा."

"तुझी पुडकी फळीवर हाईत, बाई," धुरपताबाई म्हणाल्या. "तू खायलीस ते आदिनाथाच्या दुकानातलं."

ताईसाहेबांनी फळीकडे पाहिले, तो पुडकी भरलीच होती. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गनिमाने चौथा तुकडा मुकाट्याने घेतला, तोच तहनामा समजावा.