मरून रंगाची वाचनसंस्कृती

माझे दिवाळी अंक मी सोसायटीला दान केले ते औदार्याने नव्हे, संतापाने. (माझी बहुतेक चांगली कामे संतापातूनच झाली आहेत. तीस वर्षे वार्ताहर आहे.)

बायको, म्हणजे पद्मजा, सरकारी नोकरीतून निवृत्त झाली, दिल्लीतले आर. के. पुरमचे सरकारी क्वार्टर सुटले आणि आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत आलो. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत 'लायब्ररी' छापलेली होती. लहानपणी साताऱ्याला मी साखर डब्यात पडण्याआधी पुडीचा कागद वाचून काढत असे. बातमी अर्धीच निघाली, तर उरलेल्या अर्ध्या बातमीच्या आशेने आणखी पावशेर साखर आणत असे. अशा माणसाला फ्लॅट विकायला कितीसा वेळ लागणार?

प्रत्यक्षात लायब्ररी म्हणजे चार रिकामी कपाटे निघाली, आणि कमिटीला तिथे केबल टीव्हीची यंत्रे बसवायची होती. मी मीटिंगमध्ये कडाडलो. सेक्रेटरी बत्रा शांतपणे म्हणाले, "भाईसाहब, किताबें कहाँ हैं? और पढ़ेगा कौन?" शेवटी मला तीन महिन्यांची मुदत मिळाली. रजिस्टरात वाचक दिसले तर लायब्ररी, नाहीतर केबल.

त्याच संध्याकाळी मी घरातला खजिना उतरवला. तेवीस वर्षांचे दिवाळी अंक, दर वर्षाचा एक खंड, करोल बागेतल्या बाइंडरकडून मरून कापडात बांधून घेतलेला, पाठीवर सोनेरी साल.

"इथे मराठी वाचणारे आपण दोघंच," पद्मजा म्हणाली.

"लिपी तर एकच आहे," मी म्हणालो. "माणसाला इच्छा हवी."

इच्छा अफाट होती. पंधरा दिवसांत तेवीसच्या तेवीस खंड गेले. परत कुणी करीना, सगळे मुदत वाढवून घेत. मी पेपरासाठी लेख ठोकला की, उदारीकरणाने नुसत्या गाड्या आणि फ्रीज आणले असे म्हणणाऱ्यांनी गुडगावला येऊन पाहावे, पंजाबी कुटुंबे मराठी वाचताहेत. संपादक खूश झाले. त्यांना वाचक कुटुंबाचा फोटो हवा होता.

फोटोग्राफर अंबादासला घेऊन मी शेजारच्या सभरवालांकडे गेलो. त्यांनी पाच खंड नेले होते. पाचही शोकेसमध्ये, काचेच्या दोन हंसांच्या मधोमध उभे होते. त्यातला एक उलटा. सोफा मरून, पडदे मरून.

"मैच करती हैं न?" मिसेस सभरवाल म्हणाल्या. "बत्राजी के यहाँ भी यही लगी हैं।"

अंबादासने कॅमेरा खाली घेतला. "साहेब, हेडिंग बदलायचं का?"

तीन महिन्यांनी मीटिंग भरली. खोट्या आकड्यांवरून मी एकदा एका मंत्र्याला भर पत्रकार परिषदेत घाम फोडला होता. तोच मी उभा राहिलो आणि रजिस्टर वाचून दाखवले: पुस्तके तेवीस, वाचकांच्या घरी तेवीस. बत्रांनी सर्वांत आधी मान डोलावली. (डोलावणारच. त्यांच्याकडे चार होते.) लायब्ररी वाचली. केबलची यंत्रे चौकीदाराच्या केबिनमध्ये गेली.

मग लक्षात आले की आता मलाच वाचायला काही उरलेले नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या खंडाची फार आठवण येऊ लागली, तसा मी सभरवालांकडे गेलो. बाई नाही म्हणाल्या नाहीत. फक्त मधली जागा रिकामी वाईट दिसते, तेव्हा त्याच रंगाचे, तेवढ्याच जाडीचे काहीतरी आणून द्या म्हणाल्या. मी घर धुंडाळले. तशी एकच वस्तू निघाली. आमच्या लग्नाचा अल्बम, मरून मखमलीचा. पद्मजा भाजी आणायला गेली होती. मी देऊन आलो.

महिन्याने खंड परत करायला गेलो, तर बाईंनी हातानेच थांबवले. "रहने दीजिए भाईसाहब, ये वाली ज़्यादा जँच रही है।"

मी तणतणत घरी आलो, पद्मजाला सगळे सांगून टाकले, आणि उद्या भांडून अल्बम आणतोच म्हणून गर्जना केली. ती मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला. पुड्यांचे कागद वाचता तुम्ही. तो अल्बम एकदा तरी उघडलात?"

"त्यात मजकूर कुठे असतो?" मी म्हणालो.

हल्ली मी अठ्ठ्याहत्तरचा खंड घेऊन दिवसभर लायब्ररीत असतो. जेवणाचा डबा तिथेच येतो. रजिस्टरातला एकमेव खरा वाचक म्हणून बत्रांनी माझे नाव नोटीस बोर्डावर लावले आहे.