माळियाच्या दोन हातांची आणि पाटाच्या पाण्याची हकीकत

श्रीवनदेवता समर्थ. तिचे पायी मस्तक ठेवून, ऐकिले तैसे लिहितो. पदरचे काही घातले असेल तर तिणे पोटात घालावे. शके सत्राशे दोन, शार्वरीनाम संवत्सरे, डोंगराकडील एका राज्यात सफरचंदांची थोर बाग होती, आणि शेजारील पातशाहीशी सलोखा त्या बागेच्या फळावर टिकला होता. दर दसऱ्यास पातशहाचे वकील यावे, रुप्याचे कडे काढावे, आणि कड्यातून जे फळ निसटेल ते नापसंत करावे, ऐसा शिरस्ता. म्हणोन दिवाण अवचितराव यांणी मनी धरिले की फळ जितके मोठे तितके राज्य मोठे, आणि हुकूम केला की शेणखत दुप्पट ओतावे आणि पाट अखंड चालवावा. परंतु गोमाजी माळी, बागेचा जुना चाकर, याणे श्रावण सरताच पाटाचे तोंड आवळिले, आठा दिवसांनी एक पाणी देऊ लागला, आणि खत तर बंदच केले. मग दिवाणांनी त्यास मुसक्या बांधोन हुजूर आणिला.

महाराज गर्जले, "झाडे तहानेने मारितोस? शत्रूस फितलास?"

गोमाजी म्हणाला, "न्हाई सरकार. फळ भरत आल्यावर लई पानी, लई खत दिलं की ते नुसतं फुगतंय. रंग धरत न्हाई, गोडी धरत न्हाई, आन् आतून डागतंय."

दिवाण हसले. आणि महाराजांनी निवाडा केला की पूर्वेची झाडे दिवाणांनी राखावी, पश्चिमेची माळियाने, आणि वकिलांनी माळियाचे फळ नाकारिले तर त्याचे दोन्ही हात मनगटापासोन तोडावे. पुढे दसरा आला, आणि वकील कडे घेऊन बैसले. दिवाणांचे एकही फळ निसटेना, आणि माळियाची तीन फळे ओळीने निसटली. मग शिपायांनी गोमाजीचे हात ठोकळ्यावर बांधिले आणि कोयता उपसला, आणि दाराशी त्याची बायको उभी होती ती धावोन शिपायांचे पाय धरू लागली.

गोमाजी ओरडला, "वकीलसाहेब, एकदा चिरून तरी बघा!"

वकिलांनी चिरिले. दिवाणांचे फळ आत तपकिरी डागांनी भरलेले, भुसभुशीत आणि कडवट निघाले, वकील थुंकले. माळियाचे फळ करकरीत मोडले, रस दाढीवरोन ओघळला, आणि वकिलांनी कडे बाजूस ठेवून दुसरे फळ मागितले. हात सुटले. मग महाराज फार प्रसन्न होऊन बोलिले, "पाण्यानेच फळ नासते तर! आजपासोन पाट बुजवा."

गोमाजी पाया पडला, "सरकार, बेतानं म्हंजे बंद न्हवं! फुलताना झाडाला पानी लागतंय, फळ धरताना लागतंय."

"एकदा तुझे ऐकिले," महाराज म्हणाले, "आता आमचे ऐक."

दिवाणांनी लगबगीने शिक्का मारिला, पाट बुजविला, आणि वर पहारा बैसविला. चैत्रात कळ्या आल्या त्या मिटल्या राहिल्या, आणि ज्येष्ठात झाडे काष्ठवत जाहाली. येणेप्रमाणे वर्तमान घडले. माळियाचे हात राहिले, हातांस काम राहिले नाही.