बोराएवढं काम

काम होणे ही क्षणभंगुर गोष्ट आहे. आज दुरुस्त केलेला नळ परवा पुन्हा गळतो. मात्र काम कुठवर आले आहे हे कोणालाही, केव्हाही, न अडखळता सांगता येणे ही टिकाऊ गोष्ट आहे. हे सत्य नागपूरच्या नगर जलसेवा मंडळाला १९७८ सालच्या संक्रांतीच्या सुमारास उमगले. त्याआधी मंडळ नुसतेच नळ दुरुस्त करीत असे.

उमगण्याला निमित्त झाले शाखाधिकारी खानोरकर साहेबांचे. साहेब परगावी प्रशिक्षणाला गेले होते (तेवढ्या काळात शाखेचे काम फार सुरळीत चालले, असे जुने लोक सांगतात) आणि येताना एक पद्धत घेऊन आले. महाल भागातल्या कचेरीत भिंतभर लाकडी फळा लागला. त्यावर हिरव्या बनातीचे कापड आणि तीन रकाने : 'करायचे', 'चालू' आणि 'झाले'. प्रत्येक तक्रारीची एक चिठ्ठी करायची, ती टाचणीने पहिल्या रकान्यात लावायची आणि काम पुढे जाईल तशी सरकवत न्यायची. हा फळा सांभाळायला शाखेचे मुख्य लिपिक गणपतराव निमजे यांना 'प्रगती प्रमुख' नेमण्यात आले. नेमणूक हंगामी होती. पण गणपतरावांना जन्मात कोणी प्रमुख म्हटले नव्हते, घरी तर नाहीच नाही, त्यामुळे हंगामी हा शब्द ते मनातल्या मनातसुद्धा हळू उच्चारत.

नवी पद्धत नागरिकाला केंद्रस्थानी मानणारी होती. 'नळ गळतो' अशी उर्मट तक्रार यापुढे घेतली जाणार नव्हती. नागरिकाने आपली कथा सांगायची : मी कोण, मला काय हवे आणि कशासाठी. उदाहरणार्थ, 'एक भाडेकरू म्हणून मला घरमालकाच्या आधी पाणी हवे, जेणेकरून त्याला कळेल.' सुरुवातीला लोक बिचकले, पण वैशाखाच्या तोंडावर ज्याच्या नळाला पाणी नाही तो माणूस कथा सोडा, पोवाडाही लिहून देतो.

मग प्रश्न आला की कोणते काम केवढे? तास मोजणे पद्धतीत बसत नव्हते, कारण तास मोजले की पुढे कोणीतरी ते विचारतो. खानोरकर साहेबांनी नागपूरला शोभेल असा तोडगा काढला. काम फळांत मोजायचे. सर्वांत लहान ते बोर, मग लिंबू, मग संत्रं आणि सर्वांत मोठे ते टरबूज. नमुन्यादाखल आणलेली फळे मोजमापाचा आधार म्हणून कपाटात ठेवली होती. ती पहिल्याच आठवड्यात शिपाई रुपरावने खाल्ली आणि तेव्हापासून सगळे मोजमाप स्मरणशक्तीवर चालले. संत्रं अंबिया बहाराचं धरायचं की मृग बहाराचं, यावर दोन दुपारी गेल्या.

रोज सकाळी फळ्यापुढे उभी सभा होई. उभी अशासाठी की पाय दुखले म्हणजे माणूस थोडक्यात आटोपतो. अनुभव असा आला की माणूस भिंतीला टेकतो. (टेकायला कठडा बसवावा, अशी मागणी त्याच महिन्यात वर गेली. ती 'चालू' आहे.) सभेत प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या : काल काय केले, आज काय करणार आणि अडचण कोणती.

धोंडबा हा शाखेचा एकुलता एक फिटर. पहिल्या दिवशी तो फळ्यापुढे उभा राहून म्हणाला, "काल नळ दुरुस्त केले. आज बी तेच करून राहिलो असतो. अडचण म्हणसान तं ही सभा हाय."

गणपतरावांनी त्याला बाजूला घेऊन पद्धत समजावली आणि इथे धोंडबाची खरी बुद्धी उमलली. त्याने विचारले, "बाबूजी, एक नळ दुरुस्त केला तं एकच चिठ्ठी सरकते. पण जाणं, पाहणं, खोलणं, वायसर बदलणं, बसवणं, परत येणं, असं येगयेगळं लिवलं तं?"

"तर सहा सरकतील," गणपतराव म्हणाले.

"अन् नुसतं जाऊन, पाहून परत आलो तं?"

"तीन."

महिन्याभरात शाखेचा वेग दुप्पट झाला आणि दुरुस्त नळांची संख्या निम्म्यावर आली. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण फळ्यावर रकाना पहिल्या गोष्टीचाच होता. एप्रिलमध्ये धोंडबाला बढती मिळाली. तो 'प्रगती साहाय्यक' झाला आणि आपला पाना त्याने रीतसर भांडारात जमा केला. आता तो चिठ्ठ्या लिहीत असे, आणि अक्षर बरे होते.

एवढ्या सगळ्या प्रगतीत एक चिठ्ठी मात्र होळीपासून जागची हलली नव्हती. ती खुद्द गणपतरावांची होती. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घरचा नळ आटला होता. आपल्याच घराला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी, सभेत छाती पुढे काढून, ते काम स्वतःच 'बोर' ठरवले होते. सगळ्यांनी त्यांच्या सचोटीचे कौतुक केले. पुढे ध्यानात आले ते असे की शाखेची नजर टरबुजांवर असते, कारण एक टरबूज 'झाले'त गेले की वेगाचा आलेख कसा डोळ्यांत भरतो. बोराकडे कोण बघतो? प्रामाणिकपणाचे हे फळ गणपतराव रोज पाहत होते. आपण मूर्ख आहोत हे त्यांना कळत होते. पण प्रमुख असलेला मूर्ख आणि साधा मूर्ख यांत फरक असतो, अशी त्यांची समजूत होती.

घरी त्यांची बायको कौशल्या शेजारच्या बायजाबाईच्या विहिरीवरून पाणी आणत होती. मे महिन्यात, चटके देणाऱ्या फरशीवरून, कमरेवर कळशी घेऊन. बायजाबाई पाण्याला नाही म्हणत नसे, पण "जलसेवेतले ना तुमचे मालक?" एवढे प्रत्येक कळशीला विचारत असे.

"आपली चिठ्ठी एकदाची चालूत आली वं," गणपतराव एका संध्याकाळी म्हणाले.

"चिठ्ठी चालू झाली, नळ काहून चालू होत नाही?"

याला पद्धतीत उत्तर होते, पण घरात फळा नव्हता.

मेच्या अखेरीस मुख्य कार्यालयातले मोठे साहेब पाहणीला येणार असे ठरले. फळ्याचे पहिले दोन रकाने रिकामे करून दाखवले, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या 'झाले'त दिसल्या, तर फळा सांभाळणारा प्रगती कक्ष कायम होणार होता आणि गणपतरावांच्या नेमणुकीपुढचा तो हळू उच्चारायचा शब्द जाणार होता. शाखा जिवाचे रान करू लागली. 'झाले' म्हणण्याला चिठ्ठीमागे नागरिकाची सही लागे. धोंडबा सह्या आणी. तो लोकांना सांगे, "सही केल्याबिगर पाना निघत नाही." पाना भांडारात असल्याने हे विधान तंतोतंत खरे होते.

पाहणीच्या दिवशी एकच चिठ्ठी उरली. बोर.

मोठ्या साहेबांनी ती टाचणीवरच वाचली. 'एक गृहस्थ म्हणून मला नळाला पाणी हवे, जेणेकरून पत्नीचा त्रास वाचेल.'

"हा नागरिक कोण?"

"मीच, साहेब," गणपतराव म्हणाले.

"अरे वा. मग तर सोपे आहे. काही हरकत आहे का तुमची?"

गणपतरावांच्या डोळ्यांपुढे कळशी आली आणि कौशल्येची ओली, लाल झालेली कंबर आली. त्यांना लाज वाटली; लग्नात उखाणा विसरले होते तेव्हाही एवढी वाटली नव्हती. 'साहेब, पाणी येत नाही' हे चार शब्द जिभेवर तयार होते. मागे खानोरकर साहेब खाकरले. धोंडबा फळ्यावरच्या आपल्या अक्षराकडे पाहत उभा राहिला. गणपतराव काहीच बोलले नाहीत.

"उत्तम," असे म्हणून मोठ्या साहेबांनी चिठ्ठी स्वतःच्या हाताने उचलली आणि 'झाले'त टोचली. टाळ्या झाल्या. गणपतरावांनीही वाजवल्या.

त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन घरी गेले आणि कक्ष कायम झाल्याचे सांगितले. नळाचेही सांगितले. कौशल्येने पेढा घेतला नाही.

"फळ्यावर पाणी येऊन राहिलं म्हणता ना," ती म्हणाली, "मंग उद्यापासून आंघोळीले तिथंच जात जा."

गणपतरावांनी कळशी उचलली आणि ते बायजाबाईच्या विहिरीवर गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. पुढे नोकरी संपेपर्यंत त्यांनी केलेले खरेखुरे, मोजता येण्याजोगे काम एवढेच. त्याची चिठ्ठी कधी निघाली नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच वेळेला त्यांना आपण कोणीतरी आहोत असे वाटे.

मुख्य कार्यालयाला मात्र त्या दिवशी एक मोठा शोध लागला होता. महिन्याभरात परिपत्रक निघाले : 'ज्याअर्थी नागरिक विचारले असताही काही बोलत नाही, त्याअर्थी तो समाधानी आहे असे समजण्यात यावे.' सह्या आणण्याचा त्रास वाचला. पुढे विचारण्याचाही वाचवण्यात आला. वर्षअखेरीस समाधानी नागरिकांचा आकडा शहराच्या लोकसंख्येपेक्षा थोडा जास्तच भरला (जास्तीचे कुठून आले, याबद्दल कोणी हरकत घेतली नाही). इतर शहरांनी, इतर खात्यांनी पद्धत उचलली. परिपत्रक कोणी रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

आपणही हे शेवटपर्यंत वाचलेत, मध्ये एकदोनदा हसलात आणि बोलला काहीच नाहीत. तेव्हा आपली चिठ्ठी सरकवण्यात आली आहे. आपल्याला काय हवे होते ते आम्ही वाचलेले नाही.