हिरवा दिवा आणि निळा सोफा

सोफ्याचा रंग कधीच ठरला होता. निळा. मात्र तो नवऱ्याची नोकरी पक्की झाल्यावरच घ्यायचा, असं बायकोचं म्हणणं होतं. तोवर आलेले पाहुणे पुस्तकांच्या खोक्यांवर बसत आणि लवकर उठत.

नवरा औषधांच्या प्रयोगशाळेत हंगामी संशोधक होता. दोन रसायनांचं औषध किती वेगाने बनतं, हे तो शोधत असे. त्यासाठी त्याने एक यंत्र बांधलं होतं. दोन पंप दोन द्रव एका बारीक नळीत सोडत, नळी तापे, आणि पलीकडच्या टोकाला किती औषध झालं ते मोजलं जाई. पुढच्या खेपेला आच वाढवायची की पंप हळू करायचा, हे यंत्र स्वतःच ठरवी. औषध झालं की गुण मिळत, माल वाया गेला की गुण कापले जात. गुण वाढवायचे, एवढंच त्या यंत्राला कळे.

नोकरी पक्की करणारी समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. तिच्या अध्यक्षबाईंना सांडपाण्याचा भारी तिटकारा. म्हणून विभागप्रमुख सरांनी सांगितलं, वाया जाण्याबाबत जरा कडक राहा. संशोधकाने कापायचे गुण दुप्पट केले. चहा पिऊन आल्यावर सरांना ते कमी वाटले, तेव्हा दसपट केले. निघताना त्याच्याच मनात पाल चुकचुकली आणि त्याने आणखी एक शून्य वाढवलं.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर यंत्र झोकात सुरू झालं. नळीतून औषधाचे चार थेंब आले, त्यामागून थोडं तपकिरी पाणी. यंत्राने गुण मोजले आणि पहिला पंप हळू केला. गुण सुधारले. दुसराही हळू केला. आणखी सुधारले. मग आच बंद झाली. शेवटी दोन्ही पंप थांबले, हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: सर्वोत्तम स्थिती सापडली.

"आता औषध किती होतंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"या स्थितीत होत नाही," संशोधक म्हणाला.

"आणि सांडपाणी?"

"तेही नाही."

"वीज?"

"त्या दिव्यापुरती."

सर खिडकीबाहेर पाहू लागले. चूक आपल्या आकड्यांची आहे, घटकाभरात दुरुस्त करतो, असं संशोधक सांगू लागला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. आजवर पाहिलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेत काहीतरी सांडलेलं होतं, म्हणाल्या, आणि कशाचा तरी वास येत होता. त्यांनी नाकाने खोल श्वास घेतला. मग समिती शेजारच्या खोलीत गेली.

संध्याकाळी तो घरी येऊन खोक्यावर बसला.

"पक्की झाली," तो म्हणाला.

"मग तोंड का पाडलंय?"

"आमची प्रयोगशाळा आदर्श ठरलीय. यंत्र आहे तसंच ठेवायचं. ते कोणी चालू करू नये, यावर मी लक्ष ठेवायचं."

"अहो, म्हणजे दिवसभर काम काय?"

"काहीच नाही."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. अशी नोकरी कधी जात नसते, हे तिला कोणी समजावण्याची गरज नव्हती. तिने सोफावाल्याला फोन लावला.

"निळाच," ती म्हणाली. "पण दोन पाठवा. एक यांच्या प्रयोगशाळेत."