केळशीकर सरांचा दंड

आमच्या कोथरूडच्या कॉलेजात दर गुरुवारी साडेचार वाजता गणिताचे केळशीकर सर दोन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या स्वतः उचलून चिंचेखाली आणतात आणि खोडाला पाटी टांगतात: ‘देव, धर्म, श्रद्धा, शंका. सर्व चालेल. “विषय संपला” चालणार नाही.’

एका खुर्चीत देव मानणारा, दुसरीत न मानणारा, बाकीची मुलं पारावर. सर मात्र उभे. त्यांची खुर्ची कुठली, असं विचारलं की म्हणतात, “मी पंच. पंचानं बॅटिंग करायची नसते.”

पाटी प्रथम लागली तेव्हा प्राचार्यांचा चेहरा उतरला. “अहो, वाद झाला म्हणजे?”

“वाद व्हावा म्हणूनच आहे. कुणी झोपलं तर कळवतो.”

आणि जो कुणी ‘विषय संपला’ म्हणेल, त्याला दंड. त्यानं समोरच्याच्या बाजूनं पाच मिनिटं बोलायचं, तेही मनापासून. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझी भक्ती साबुदाण्याच्या खिचडीपलीकडे कधी गेलेली नाही. “उपास खिचडीसाठीच असतो, विषय संपला,” असं एकदा बोलून गेलो आणि हातात वडापाव धरून निर्जळी एकादशीची थोरवी सांगत बसलो. मुलं खूश होती.

हडपसरचा ओंकार तर पहिल्याच दिवशी सापडला. “आपला देवावर विश्वासच नाय सर. विषय संपला.”

“बस. पाच मिनिटं.”

ओंकार घाम पुसत म्हणाला, “माझी आई रोज कुकर लावून देवापुढं हात जोडते. शिट्टी होईपर्यंत. म्हणजे... काहीतरी असेल ना?”

समोरच्या खुर्चीत रेश्मा होती. ही पाच वेळा नमाज पढणारी आणि पंचवीस वेळा प्रश्न विचारणारी मुलगी. “काय मागते रे आई?”

“माहीत नाय.”

“मग विचार की!”

पुढच्या गुरुवारी ओंकार धावतच आला. “विचारलं! म्हणाली, मागत काय नाय, शिट्टीपर्यंत दुसरं काय करू? पण मग तासभर बोलत बसली राव. आजवर एवढी बोललीच नव्हती.” सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. तेव्हा मला वाटलं, धूळ असेल.

गेल्या महिन्यात रेश्मानंच विचारलं, “सर, ‘विषय संपला’ एवढं का खुपतं तुम्हाला?”

नेहमीचं पंचाचं उत्तर येईल म्हणून आम्ही हसायच्या तयारीत होतो. सर खुर्चीची पाठ धरून म्हणाले, “दहा वर्षांपूर्वी माझ्या मुलानं जानवं काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, बाबा, मला पटत नाही, जरा बोलू या. मी तेव्हा त्रिकाळ संध्या करणारा. म्हणालो, या घरात हा विषय संपला. गाढवानं आयुष्यात तेवढं एकच ऐकलं माझं. आता रविवारी फोन करतो. जेवलात का? पाणी आलं का? ठेवतो.”

मला फार वाईट वाटलं. ओंकार चाचरत म्हणाला, “सर, मग... तुम्हाला पण दंड.”

मी डोळे वटारले. सर मात्र क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि खदखदून हसले. “बरोबर आहे! नियम म्हणजे नियम.” आणि ते चक्क खुर्चीत बसले. न मानणाऱ्याच्या.

“आम्हाला नको सर,” रेश्मा म्हणाली. “त्यांना सांगा.”

सरांनी फोन लावला. घाईत स्पीकर चालू झाला, तो बंद कसा करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“बाबा? आज गुरुवार! बरे आहात ना? जेवलात?”

“साडेपाचला कसलं जेवण? ऐक. मला पाच मिनिटं तुझ्या बाजूनं बोलायचंय.”

ते बोलले. न मानण्यालाही हिंमत लागते हे बोलले, त्या दिवशी आपण घाबरलो होतो हेही बोलले. गणितात सुद्धा इतके सुंदर बोलत नाहीत. मग पलीकडून ओला आवाज आला, “बाबा, माझी बाजू एवढी भक्कम नव्हती हो. आता तुमची मी सांगू?”

मी मुलांना घेऊन हळूच लांब सरकलो. सहाला शिपाई खुर्च्या आत न्यायला आला. “सर, झालं का?”

सरांनी फोनवर हात ठेवला. “नाही हो. आत्ता कुठे सुरू झालंय.”