विंडोज झोपलेलं असताना

खोड्या काढणारे पायलीचे पन्नास मिळतील, पण खोडी काढून साळसूद चेहऱ्याने चहा मागणारा माणूस एकच, असं खटपट्याचं स्वतःबद्दल पक्कं मत होतं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, डोक्यावर टक्कल उगवलेलं, नोकरी छापखान्यात पानं जुळवायची; हात मात्र शाळकरी पोरासारखे शिवशिवायचे. खटपट्या हे नाव त्याला सासऱ्यांनी ठेवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्याने त्यांचं भिंतीवरचं घड्याळ ‘जरा बघतो’ म्हणून उघडलं होतं. घड्याळ पुन्हा काही चाललं नाही. नाव चालू राहिलं.

घरात कॉम्प्युटर एकच, पण त्यात दोन बिऱ्हाडं. बायकोचं विंडोज, खटपट्याचं लिनक्स; कॉम्प्युटर चालवायच्या दोन निरनिराळ्या प्रणाली. सुरू करताना कुणाच्या बिऱ्हाडात जायचं ते ठरवायचं, एका वेळी एकच. मधे ‘सामाईक’ नावाचं फोल्डर. दोघांनाही लागणाऱ्या फाइली तिथे ठेवायच्या. मांडणी खटपट्याचीच. मांडताना त्याने बायकोला एक गोष्ट मोठ्या शिताफीने सांगितली नव्हती. विंडोजला लिनक्सच्या खोल्या दिसत नाहीत, पण लिनक्सला विंडोजचं सगळं घर दिसतं. देवघरापासून मोरीपर्यंत!

असा एकतर्फी झरोका मिळाल्यावर हा माणूस गप्प बसतोय होय! एकदा बायकोच्या स्क्रीनवरचं फुलांचं चित्र काढून त्याने तिचाच घोरतानाचा फोटो लावला. एकदा तिच्या सगळ्या फोल्डरांना भाज्यांची नावं दिली, तर ती बिचारी आठवडाभर पगाराच्या पावत्या दोडक्यात शोधत होती. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. दिवसभर लोकांना सुया टोचून आल्यामुळे असेल, घरी राग जरा कमीच यायचा. “अहो, मोठे व्हा आता,” एवढंच म्हणायची.

तर त्या दिवशी खटपट्या छापखान्यातून आला तेव्हा बायको घरात नव्हती. लॅबमधून तातडीने बोलावलंय, भात झाकून ठेवलाय, अशी चिठ्ठी होती. टेबलावर जुना टेपरेकॉर्डर उघडा पडलेला. त्याने भात नंतरवर ढकलला आणि लिनक्स उघडून आधी ‘सामाईक’मध्ये डोकावला. ‘नमुना’ नावाची एक चिमुकली फाइल होती. लावली, आणि खटपट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“जावईबापू, आता कशाला हात लावू नका.”

सासरे! त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आवाज तोच, घशात खडीसाखर धरून बोलल्यासारखा. त्याला लख्ख आठवलं. माजघरात रेकॉर्डर मांडून त्यानेच ती कॅसेट भरली होती. चालू झालंय का, म्हणून तो सारखी बटनं चाचपत होता, तेव्हा सासरे हे म्हणाले होते. मग त्यांनी आपल्या कंडक्टरकीची गोष्ट सांगितली, ते स्टॉपवर पाणी प्यायला उतरले आणि बस त्यांना सोडूनच गेली ती. शेवटी शेंडेफळाला मांडीवर घेऊन त्याला निजवायचं गाणं म्हटलं होतं.

शेंडेफळ म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो चड्डी ओली करायच्या वयाचा होता, त्याला त्यांचा आवाजच आठवत नव्हता. म्हणूनच बायकोने माळ्यावरून ती कॅसेट शोधून काढली होती. रविवारी तो खास तेवढ्यासाठी यायचा होता.

आता इथे कुणाही शहाण्या माणसाचे डोळे पाणावले असते. खटपट्याचेही पाणावले. पण पाणावलेल्या डोळ्यांनी त्याला खोडी सुचली.

बायकोने विंडोज सुरू केलं की आपोआप हा आवाज घुमला पाहिजे. दचकेल, मग हसेल, मग रडेल, मग म्हणेल, अहो, तुम्ही पण ना! एकदम झकास बेत. विंडोजमध्ये एक फोल्डर असतं, त्यात टाकलेली फाइल सुरुवातीलाच वाजते. तिथे ‘नमुना’ची एक प्रत ठेवायची, की काम फत्ते.

पण लिनक्सने चक्क नकार दिला. विंडोज बंद केलेलं नाही, ते नुसतं झोपलंय, त्याचा सगळा पसारा तसाच मांडलेला आहे; बघायचं तर बघ, आत काही ठेवू देणार नाही, अशा अर्थाची पाटी आली. दारावरच्या रखवालदारासारखी!

खटपट्या थोडा विचारात पडला. झोपलेलं विंडोज उठतं तेव्हा जिथल्या तिथून पुढे चालू होतं, नव्याने सुरू होत नाही. म्हणजे आवाज वाजायचाच नाही. मग झोप मोडलेलीच बरी की! त्याने नेटवर शोधून एक कमांड काढली. ती विंडोजची झोप पुसून टाकते आणि दार उघडते. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, उघडं राहिलेलं काम जाईल, नीट विचार करा. खटपट्याने नीट विचार केला. बायकोचं उघडं राहून राहून काय राहणार? साड्यांची पानं! कॅसेटचं काय ते तिने सेव्ह करून ठेवलंच असेल कुठेतरी. कुठे, ते बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण खोडी सुचल्यावर याला धीर कुठला?

त्याने कमांड दिली. दार उघडलं. फाइल आत ठेवली, कॉम्प्युटर बंद केला आणि निवांत भात खाल्ला.

बायको आली ती चपला काढून थेट खुर्चीवर. खटपट्या वर्तमानपत्र धरून बसला, ते उलटं होतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. विंडोज सुरू झालं, आणि खोलीभर आवाज घुमला.

“जावईबापू, आता कशाला हात लावू नका.”

ती दचकली. मग हसली, अशी हसली की खुर्ची मागे सरकली. डोळे पुसत म्हणाली, “अहो, तुम्ही पण ना.” सगळं ठरल्याबरहुकूम! खटपट्याने वर्तमानपत्रामागे मिशीला पीळ दिला.

मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. माउस इकडे फिरला, तिकडे फिरला.

“बाकीचं कुठंय?”

“बाकीचं म्हणजे?”

“बाबांचं. सगळं रेकॉर्ड करून उघडं ठेवलं होतं मी. पहिला तुकडा तेवढा नमुना म्हणून काढला, आवाज बारीक येतोय का बघायला. तेवढ्यात लॅबचा फोन आला.”

“मग सेव्ह नाही केलंस?”

तिने मान वळवली. “तुम्हीच सांगितलं होतंत ना? सेव्हबिव्हची कटकट करू नकोस, हायबरनेट कर, नुसतं झोपव, सगळं जागच्या जागी राहतं म्हणून.”

सांगितलं होतं खरं. मोठ्या ऐटीत, पाय हलवत सांगितलं होतं.

कॅसेट पुन्हा लावू, असं खटपट्या म्हणाला. तिने रेकॉर्डरकडे बोट केलं. फीत इतकी जुनी, की वाजता वाजताच तिच्यावरचा थर सुटत गेला होता. आत तपकिरी भुकटी साचली होती. एकदाच वाजायची होती ती, आणि वाजून झाली होती.

पुढचे दिवस खटपट्याने गेलेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम आणले, हेडफोन लावून डिस्कमधला भुगा चाळला. एका तुकड्यात त्याला खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. त्याने धावत जाऊन बायकोला ऐकवलं. तो पंख्याचा आवाज निघाला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच “असू दे” म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

रविवारी मेव्हणा आला. खटपट्याने दारातच सगळं सांगून टाकलं, चहासुद्धा मागितला नाही. मेव्हणा तडक कॉम्प्युटरसमोर बसला आणि तेवढंच वाक्य ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.

“पुढे काय म्हणाले?”

बायकोने बसची गोष्ट सांगायला घेतली. मधेच ती अडली, तेव्हा खटपट्याने सांगितलं, की उतारूंनी आपापली तिकिटं स्वतःच फाडून घेतली होती. तो तिथेच तर बसला होता तेव्हा, बटनावर बोट ठेवून. गाण्याची मात्र चालच तेवढी दोघांना आठवली, शब्द नाहीत. मेव्हण्याने ती चाल गुणगुणून पाहिली आणि चुकीची उचलली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

ती फाइल बायकोने त्या फोल्डरमधून काढली नाही. खटपट्याने लिनक्स केव्हाच पुसून टाकलंय. आता सगळं घर बायकोचं, हा तिथे पाहुणा. विंडोज सुरू केलं की सासरे आधी बजावतात, मगच पुढचं काम. खटपट्या न चुकता म्हणतो, “नाही लावत, मामा.”

आणि मनापासून म्हणतो हो. पंचाईत एवढीच, की ते बजावणं ऐकायचं तर आधी बटनाला हात लावावा लागतो.